'शून्य कमिशन'वाल्यास खुले पत्र

प्रति,
विमानतळावर 'शून्य कमिशन' ही पाटी लावून परकीय चलन विकणारे महाशय यांस,

विषय : पावतीवर न दिसणाऱ्या आमच्या पैशांबाबत.

महाशय,

तुमच्या काचेवर दोनच शब्द असतात. मोठ्या अक्षरांत, मागे दिवा लावून. 'शून्य कमिशन'. त्या दोन शब्दांवर भरवसा ठेवून आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीची माणसं तुमच्या खिडकीसमोर उभी राहतात, नोटांची गड्डी नाहीतर कार्ड पुढे करतात आणि तुम्ही सरकवलेल्या परदेशी नोटा दोनदा मोजून आत जातात. मोजणीत चूक नसते, नोटाही खऱ्या असतात. हात मारलेला असतो तो दरात.

ही माणसं कोण, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. पासपोर्टवर फक्त नाव आणि जन्मगाव असतं. म्हणून आधी ओळख करून देतो. एक जण वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, खाणीतून निवृत्त झालेला असतो. बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस, माजरी, यांतली कुठलीही खाण धरा. सारा जन्म कोळशाच्या धुळीत काढला, ग्रॅच्युइटी आली, पोरीचं लग्न उरकलं, आणि उरलेल्या पैशांतून बायकोला एकदा समुद्रापलीकडचा देश दाखवायचा म्हणून तो निघालेला असतो. दुसरी एखादी जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका असते, चार मैत्रिणींबरोबर भिशीच्या पैशांवर बँकॉकला चाललेली. तिसरं कुटुंब दर ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाणारं. त्यांना अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघायचा असतो, कँडीला जायचं असतं, लुंबिनीच्या मातीला हात लावायचा असतो. चौथे म्हातारा-म्हातारी हजला निघालेले. पूर्वी हज समिती प्रत्येक यात्रेकरूला २,१०० रियाल मिळवून देत असे. २०२३ च्या हजपासून ती सोय थांबली आणि रियालचा बंदोबस्त ज्याचा त्याने करायचा झाला. यांतल्या बहुतेकांची ही आयुष्यातली पहिली परदेशवारी असते, आणि अनेकांची शेवटचीही.

आता ही माणसं तुमच्याच खिडकीत का येतात? आवडीने नाही येत. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. भामरागड किंवा एटापल्लीकडचा माणूस आधी आलापल्लीला येतो, मग गडचिरोली नाहीतर चंद्रपूर, मग नागपूर. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यानंतर कितीतरी वर्षं एवढ्या मोठ्या जिल्ह्याला रेल्वेचं स्टेशन म्हणाल तर वडसा. गावातल्या बँकेत जाऊन डॉलर किंवा बाट मागितले तर मॅनेजर कितीही भला असला तरी सांगतो, मागणी वर पाठवावी लागेल, वेळ लागेल, त्यापेक्षा नागपूरला जाऊन घ्या. खास तेवढ्यासाठी नागपूर गाठायचं म्हणजे एक अख्खा दिवस आणि जाण्यायेण्याचं भाडं. मग घरात ठरतं, "विमान पकडायला जायचंच आहे, तिथेच घेऊ."

तुमचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे. सामान आत गेलं, बोर्डिंग पास हातात आला, माणूस आता माघारी फिरू शकत नाही आणि दुसरीकडे चौकशीही करू शकत नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत असतं. ज्याला पर्याय नाही त्यालाच तुम्ही सर्वांत वाईट दर देता, आणि त्याच्याच डोक्यावर ती पाटी लावता.

हिशेब मांडतो. आकडे समजावे म्हणून सोपे घेतले आहेत, रीत मात्र तुमचीच आहे. घाऊक बाजारात डॉलर ९० रुपयांना मिळतो असं धरा. तुमच्या फलकावर विक्रीचा दर ९७, खरेदीचा ८३. हजार डॉलर घेणाऱ्याकडून तुम्ही ९७,००० रुपये घेता; बाजारात त्यांची किंमत ९०,००० असते. सात हजार तिथेच गेले. परतताना दोनशे डॉलर उरले म्हणून पुन्हा तशाच खिडकीत दिले तर ८३ च्या दराने १६,६०० हातात पडले. किंमत होती १८,०००. आणखी १,४०० गेले. एकूण ८,४०० रुपये. आणि दोन्ही पावत्यांवर कमिशनच्या रकान्यात शून्य. तुमची पाटी खोटी नाही, म्हणूनच ती जास्त वाईट आहे. खोटं बोलणाऱ्याला पकडता तरी येतं.

अशी एक पावती माझ्या मोठ्या भावाच्या हातात मी पाहिली आहे. तो पातळ, गुळगुळीत कागद, ज्यावरची अक्षरं महिनाभरात उडून जातात. वर नाव, पासपोर्टचा नंबर, खाली एका ओळीत चलन, संख्या आणि दर, आणि त्याखाली ठळक छाप्यात 'कमिशन ०.००'. दर बारीक, शून्य ठसठशीत. वहिनीने घरून निघताना वहीच्या पानावर हिशेब करून आणला होता. टीव्हीवर पाहिलेल्या डॉलरच्या दराने भागाकार केलेला. तिच्या हिशेबात जेवढे डॉलर बसत होते त्यापेक्षा कमी हातात आले. तिने खिडकीतल्या पोराला विचारलं. तो सरळ म्हणाला, "मॅडम, कमिशन झिरोच आहे. रेट एअरपोर्टचा आहे." वहिनीने नोटा पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या, साखळी ओढली आणि त्याला म्हणाली, "पैसे तं कमीच भेटले ना जी. मंग त्याले नाव काहीही द्या." मागे रांग होती. पोराने पुढच्याला हाक मारली.

त्या पोरावर माझा राग नाही. तो पगारावर बसलेला. मी तुम्हाला लिहितो आहे, पाटी ज्यांनी रंगवून घेतली त्यांना.

तुम्ही म्हणाल, विमानतळाचं भाडं जबर असतं, रात्रंदिवस माणसं बसवावी लागतात, नोटा बाहेरून आणाव्या लागतात, विमा काढावा लागतो. सगळं मान्य. खर्च असेल तर तो घ्या, पण नाव सांगून घ्या. लिहा ना काचेवर, 'आमचा आकार शेकडा सात'. मग ज्याला घ्यायचे तो घेईल. लपवण्याची गरज का पडते? उत्तर तुम्हाला माहीत आहे: तो आकडा लिहिला तर निम्मी रांग पांगेल.

आणि तुमच्या सेवेचं मोल किती, याचा एक अंदाज सरकारी नियमांतही आहे. चलन बदलून देण्याच्या सेवेवर जीएसटी लावताना मूल्य ठरवायचा एक सोपा पर्याय दिलेला आहे. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का, किमान २५० रुपये, एवढी सेवेची किंमत धरायची आणि त्यावर १८ टक्के कर. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या ९७,००० वर सेवेची किंमत ९७० रुपये आणि कर पावणेदोनशेच्या आसपास. हा पर्याय घेणारा दुकानदार कर भरताना आपली सेवा शंभराला एक रुपयाची आहे असं सांगतो, आणि गिऱ्हाइकाकडून शंभराला सात-आठ घेतो. दोन्ही आकडे एकाच पावतीत आहेत. एक छापलेला, दुसरा दरात पुरलेला.

आमच्या भागातल्या माणसाला ही चाल नवी नाही. मे महिन्यात जंगलात तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे पानं विकत घेण्याची जागा, लागते. बायका पहाटे अंधारात निघतात, पानं तोडतात, घरी येऊन सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर नेतात. तिथे ठेकेदाराचा मुन्शी शेकड्यामागे चार-पाच पुडे जास्तीचे ठेवून घ्यायचा. मजुरीचा दर ठरल्याप्रमाणेच द्यायचा, त्यात एक पैसा कमी नाही; शंभरच मोठा करून टाकायचा. तुम्ही तेच करता, फक्त वातानुकूलित खिडकीत बसून. फरक एवढाच की इथल्या ग्रामसभांनी वनहक्क कायदा आणि पेसा कायद्याचा आधार घेऊन भाव स्वतः ठरवायला सुरुवात केली. मेंढा (लेखा) या गावाने २०११ मध्ये आपल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हातात घेतला. जंगलातल्या माणसाला भाव विचारता येतो. त्याला विचारण्याइतका वेळ आणि समोर आकडा मिळाला पाहिजे, एवढंच. तुमच्या खिडकीत दोन्ही मिळत नाहीत.

आता तुमच्या भावंडाबद्दल बोलू, कारण ते परदेशात आमची वाट बघत बसलेलं असतं. बँकॉकच्या, दुबईच्या, सिंगापूरच्या दुकानात आमचा माणूस कार्ड देतो. यंत्राला कार्ड भारतातलं आहे हे कळतं आणि पडद्यावर प्रश्न येतो: इथल्या चलनात भरायचं की भारतीय रुपयांत? रुपये दिसले की परक्या मुलखात ओळखीचा चेहरा भेटल्यासारखं वाटतं. माणूस रुपयांचं बटण दाबतो. त्या क्षणी दर ठरवायचा अधिकार कार्ड कंपनीकडून निघून त्या यंत्रामागच्या मध्यस्थाकडे जातो, आणि तो आपला नफा दरात मिसळतो. वर आपल्याकडच्या काही बँका परदेशातल्या अशा रुपयांतल्या व्यवहारावर आणखी १ टक्का आणि जीएसटी लावतात. कार्ड कंपन्यांचा नियम आहे की निवड गिऱ्हाइकानेच करायची. पण अनेक ठिकाणी गल्ल्यावरचा माणूस आपणच बटण दाबून मोकळा होतो आणि आपल्यापुढे सहीला कागद येतो.

बँकांनाही मी सोडणार नाही. साध्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर परदेशात खर्च केला तर पुष्कळ बँका ३.५ टक्क्यांपर्यंत आकार लावतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ४.१३ टक्के होतात. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. हा आकडा त्यांच्या दरपत्रकात लिहिलेला असतो. बारीक अक्षरांत असेल, शोधावा लागेल, पण असतो. तुमच्या पाटीवर तो नसतो. म्हणून पत्र तुम्हाला आहे.

दर सर्वांना माहीत असला की काय होतं, हे बघायचं तर नेपाळातल्या लुंबिनीची वाट धरा. नेपाळचा रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाशी १.६० या दराने बांधलेला आहे. आपले शंभर म्हणजे तिथले एकशे साठ, हे सीमेवरच्या चहावाल्यालाही पाठ. तिथे यात्रेकरूला अडचण आली ती दुसरीच: २०१८ च्या डिसेंबरात नेपाळने शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटा बंद केल्या, आणि पाचशेच्या नोटा घेऊन गेलेले लोक अडकले. पुढे नियम सैल करण्याच्या हालचाली झाल्या, तरी निघताना त्या दिवशीचा नियम विचारून शंभरच्या नोटा भरपूर ठेवणं शहाणपणाचं. पण दराच्या नावाखाली खिसा कापला गेला, असं तिथून आलेला कुणी सांगत नाही.

महाशय, तुमच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आमच्या चंद्रपूरकरांपैकी अनेकांच्या घरात ज्यांची तसबीर आहे, त्या माणसाने चलनाचा प्रश्न तुमच्या-माझ्यापेक्षा फार खोल जाऊन अभ्यासला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या डी.एस्सी.चा प्रबंधच रुपयाच्या प्रश्नावर होता. १९२३ मध्ये तो 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने प्रसिद्ध झाला. १९२५ मध्ये भारतीय चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. चलन चालवणाऱ्यांच्या हाती मनमानीचा अधिकार राहू नये आणि रुपयाचं मोल जपलं जावं, कारण ते घसरलं की झळ गरिबाला बसते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला आमच्या चांद्यात, म्हणजे चंद्रपुरात, येऊन लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या दीक्षाभूमीवर डोकं टेकवून श्रीलंकेला निघालेल्या म्हातारीचे शेकडा सात रुपये तुम्ही न सांगता काढून घेता. मला याची चीड येते, आणि ती लपवायची मला गरज वाटत नाही.

एक काळ असा होता की परदेशी निघालेल्या भारतीयाला सरकार हातावर जेमतेम ८ डॉलर ठेवायचं. त्या पिढीतली माणसं अजून ते सांगतात. तेव्हा अडवणूक सरकारी होती आणि उघड होती. २००४ मध्ये उदार प्रेषण योजना आली, २५,००० डॉलरपासून सुरुवात झाली आणि आज एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत नेता येतात. परवानगी मोकळी झाली, आणि त्या मोकळ्या वाटेवर तुम्ही नाका टाकून बसलात.

हे बदलता येत नाही असं मला सांगू नका. ब्रिटनमध्ये २०११ मध्ये 'कन्झ्युमर फोकस' या ग्राहक संस्थेने प्रवासी चलनाच्या छुप्या आकाराविरुद्ध सरकारी यंत्रणेकडे तक्रार नेली, आणि '० टक्के कमिशन' ही जाहिरात तिथे वादात आली. युरोपीय संघाने तर कायदाच केला. कार्डयंत्रावर चलन बदलून देणाऱ्याने आपला आकार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्के जास्त आहे ते आधी दाखवलं पाहिजे. १९ एप्रिल २०२० पासून ही तरतूद लागू आहे. आपल्याकडेही साधनं आहेत. डॉलरचा संदर्भ दर रोज जाहीर होतो. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ऑगस्ट २०१९ मध्ये 'एफएक्स-रिटेल' हा मंच सुरू केला, जिथे साध्या ग्राहकालाही बँकेमार्फत बाजारभावाने डॉलर घेता यावेत आणि बँकेचा आकार वेगळा दिसावा अशी सोय आहे. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. एखादी गोष्ट फुकट म्हणायची आणि पैसे दुसऱ्या वाटेने घ्यायचे, याबद्दल त्यांत स्पष्ट बंधन आहे. तुमची पाटी त्या तत्त्वांपुढे ठेवून बघितली पाहिजे. चंद्रपुरात आणि गडचिरोलीतही जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तो चार आकड्यांचा आहे आणि पाठ करायला सोपा आहे.

तोवर मी आमच्या लोकांना काय सांगतो, ते तुम्हीही ऐकून ठेवा. त्याने तुमचं गिऱ्हाईक कमी व्हावं, हाच माझा हेतू आहे.

मी सांगतो, सगळा पैसा एका रूपात नेऊ नका आणि एका खिशात ठेवू नका. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी बँकेत किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या नागपूरच्या दुकानात फोन करा. दोन-तीन ठिकाणी विचारा. "दर काय" असं विचारू नका, "अमुक इतके डॉलर माझ्या हातात पडेपर्यंत कर धरून एकूण किती रुपये" असं विचारा. मग कमिशन, दर, सेवाशुल्क, काय वाटेल ते नाव असो, सगळं एका आकड्यात येतं. नागपूरला लग्नाला, दवाखान्याला कुणी जाणार असेल तर त्याच दिवशी आपणही पासपोर्ट आणि पॅन घेऊन जा आणि काम उरका. रोखीने पन्नास हजार रुपयांपर्यंतच चलन मिळतं, त्यावर चेक किंवा खात्यातून द्यावे लागतात, हे आधीच लक्षात ठेवा. बहुतेक देशांसाठी एका फेरीला तीन हजार डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, पण एवढ्या नोटा नेण्याची गरज क्वचितच पडते. पहिल्या तीन-चार दिवसांची टॅक्सी, खाणं, देवळातलं दान एवढी रोख, आणि अडीनडीला थोडी जास्त. थायलंडला जाणाऱ्याने बाट इथे घेण्यापेक्षा शंभराच्या कोऱ्या, न दुमडलेल्या, न लिहिलेल्या डॉलर नोटा न्याव्यात; तिथल्या शहरातल्या चांगल्या दुकानांत मोठ्या नोटेला भावही बरा मिळतो. मळकी किंवा शिक्का मारलेली नोट ते परत करतात. तिथल्या एटीएममधून मात्र थोडे थोडे काढू नका, परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी दोनशेहून जास्त बाट आकार लागतो, मग तुम्ही हजार काढा की दहा हजार.

बाकीचा खर्च कार्डावर. ज्या देशात जायचं त्याच चलनात भरलेलं प्रीपेड फॉरेक्स कार्ड, किंवा परदेशी खर्चावर कमी आकार लावणारं बँकेचं कार्ड, यांपैकी एक. आणि दुसरं कार्ड बायकोच्या पर्समध्ये वेगळं. प्रीपेड कार्डात डॉलर भरून ते बाटमध्ये खर्चलं तर मधे आणखी एक आकार लागतो, तो विचारून घ्या. आणि सर्वांत महत्त्वाचं: २०२० पासून नवीन कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतात. परदेशी व्यवहार आपल्याला स्वतः चालू करावा लागतो. हे घरूनच, बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन करा. भामरागडच्या पुढे नेटवर्क मिळत नाही म्हणून उद्यावर टाकू नका. दुकानात यंत्राने विचारलं तर तिथलंच चलन. दुकानदाराने रुपये दाबले असतील तर सही करू नका, व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावा. श्रीलंकेत फेब्रुवारी २०२४ पासून आणि नेपाळमध्ये त्याच वर्षापासून अनेक दुकानांत यूपीआय चालतं. त्याची परदेशी सोय ॲपमध्ये आधी उघडून ठेवा.

ट्रॅव्हल एजंट आपल्या बॅगेतून डॉलर काढून देतो, पावती मागू नका म्हणतो, त्याला सरळ नाही म्हणा. परवान्याशिवायची ती देवघेव परकीय चलनाच्या फेमा कायद्याविरुद्ध आहे, आणि खोटी नोट निघाली तर दाद मागायला जागा नाही. उरलेलं चलन घाबरून विमानतळावरच मोडू नका. दोन हजार डॉलरपर्यंत नोटा घरात ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत परत करायचे. नागपुरात सावकाश भाव विचारून मोडा किंवा बँकेत द्या; पुढच्या वर्षी जाणाऱ्या नातेवाइकाला उपयोगी पडतील या भरवशावर राहू नका. आपसांत चलन विकणं नियमात बसत नाही.

आमच्याकडेही परदेशी माणसं येतात. ताडोब्याच्या मोहर्लीच्या गेटवर वाघ दाखवणाऱ्या गाइडला एखादा पाहुणा खुशीने दहा डॉलरची नोट देतो. ती नोट घेऊन तो कुठे जाणार? शेवटी ती तुमच्यासारख्याच कुणाच्या खिडकीत खरेदीच्या पडेल दराने जाते. निघताना आमचे पैसे कमी, आणि कमावून आणलेले डॉलरही कमी. दोन्ही बाजूंनी खाणं चाललं आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. पाटी काढा म्हणत नाही. तिच्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तीन आकडे लिहा: आजचा जाहीर संदर्भ दर, तुमचा दर, आणि हजार डॉलरमागे दोन्हींतला फरक रुपयांत. मराठीत आणि हिंदीतही लिहा, म्हणजे वेकोलिच्या निवृत्त माणसाला आणि हजच्या म्हातारीला वाचता येईल. पावतीवरही तोच फरक छापा. हे तुम्ही आपणहून करणार नाही, याची मला खात्री आहे. म्हणून रिझर्व्ह बँकेने आणि ग्राहक प्राधिकरणाने ते सक्तीचं करावं, आणि आमच्या दोन्ही जिल्ह्यांच्या खासदार-आमदारांनी ही मागणी लावून धरावी.

आणि वाचकहो, तुमच्या घरातलं कुणी परदेशी निघालं असेल तर हे पत्र त्यांना तिकीट काढतानाच वाचून दाखवा. खिडकीत उभं राहायची वेळ आलीच तर एकूण किती रुपये लागतील ते कागदावर लिहून मागा, आणि तो कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

– चंद्रपूरचा एक ग्राहक